कुटुंबव्यवस्थेचे गोडवे आणि चौदा दिवसांचे मौन

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. लेकीबाळी माहेरी येतात, सोयऱ्या-पाहुण्यांनी घरे भरतात, रात्री दंडार किंवा नाटक रंगते. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगावसारख्या गावात हे दिवस म्हणजे नात्यांची उजळणीच होय. परंतु याच दिवसांत, लग्नाला पाच-सात वर्षे होऊनही मूल न झालेल्या सुनेला ओसरीओसरीवर एकच प्रश्न ऐकावा लागतो. 'काही गोड बातमी?' विचारणाऱ्याच्या मनात वैर नसते. प्रश्न हसून, आपुलकीने विचारलेला असतो. सरत्या वर्षात तिच्या पोटावर किती सुया टोचल्या गेल्या, कोणत्या तपासण्या झाल्या आणि कोणत्या अहवालाने तिला रात्रभर जागवले, यातले काहीच त्याला ठाऊक नसते. तिने ते कोणाला सांगितलेलेच नसते, कारण सांगण्याची सोयच समाजाने ठेवलेली नाही.

हिंदू कुटुंबव्यवस्थेचा गौरव करणाऱ्या व्याख्यानांना गावोगाव गर्दी होते. तो गौरव अनाठायी नाही. वृद्धांना, अपंगांना, विधवा आत्याला, बेरोजगार भावाला या व्यवस्थेने शतकानुशतके सांभाळले आहे. मग तीच व्यवस्था अपत्यप्राप्तीसाठी उपचार घेणाऱ्या आपल्याच मुलासुनेला नेमक्या परीक्षेच्या घडीला एकटे का सोडते? हा प्रश्न कोण्या कुटुंबद्वेष्ट्याने विचारण्याची वाट पाहू नये. ज्यांना कुटुंबाचा अभिमान आहे त्यांनीच तो आधी विचारला पाहिजे.

उपचार म्हणजे नेमके काय सोसणे, हेच बहुतेकांना माहीत नाही. 'टेस्ट ट्यूब बेबी' हा शब्द आता सर्वांना ठाऊक झाला आहे. त्यामागचे वेळापत्रक मात्र ठाऊक नाही. आसगावातील एखाद्या शेतकरी घरातील जोडप्याने हा मार्ग धरला, असे समजावे. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण दहा-बारा दिवस स्त्रीने रोज ठरल्या वेळी इंजेक्शन घ्यायचे. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करायची. बीजे पक्व झाली की एक अखेरचे इंजेक्शन, आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांच्या आत भूल देऊन ती बीजे काढायची. त्यात तासाचीही चालढकल चालत नाही. प्रयोगशाळेत फलन झाले, तर पुढे तीन ते पाच दिवसांनी गर्भ गर्भाशयात सोडायचा. ही सोय गावात नाही, पवनीतही नाही. भिवापूर, उमरेड करीत नागपूर गाठायचे आणि तेही पुन:पुन्हा.

आता यात रोवणीचा हंगाम मिसळून पाहावा. चौरास म्हणून ओळखला जाणारा हा भाग धानाचा. आषाढात पऱ्हे तयार झाले की बांधीत चिखल करून रोवणी उरकायलाच हवी. पाऊस कोणासाठी थांबत नाही. पण शरीराचे चक्रही थांबत नाही. घरात माणूस मिळेनासा झाला असताना सून तिसऱ्यांदा नागपूरला निघाली की सासूच्या कपाळावर आठी पडते. नवरा सोबत गेला तर शेत पडते, न गेला तर बायको एकटी पडते. काही इंजेक्शने फ्रिजमध्ये ठेवावी लागतात; फ्रिज शेजाऱ्याचा असेल, तर डबीत काय आहे हे सांगावे लागते. नागपुरात ज्या नातेवाइकाकडे उतरायचे त्याला 'पोटाचे दुखणे आहे' अशी थाप मारावी लागते. एका खऱ्या आजारावर खोट्या आजाराचे पांघरूण घालत हे जोडपे फिरत असते.

आणि मग सुरू होते ती सुमारे चौदा दिवसांची प्रतीक्षा. गर्भ रुजला की नाही, हे रक्ताच्या तपासणीनेच कळणार. त्या दोन आठवड्यांत डॉक्टरला करण्यासारखे फारसे उरत नाही आणि स्त्रीला विचार करण्यावाचून दुसरे काही सुचत नाही. मडके उचलावे का, पायऱ्या चढाव्यात का, पोटात कळ आली ती शुभ की अशुभ? जिला हे विचारावे अशी घरात एकही व्यक्ती नसते, कारण घराला काही सांगितलेलेच नसते. शेवटी दूरध्वनीवर दोन शब्दांत निकाल येतो. एका फेरीत यश येण्यापेक्षा न येण्याचीच शक्यता अधिक असते, हे या उपचाराचे वास्तव आहे. वयाबरोबर ती आणखी वाढते. घरात कोणी दगावले तर गाव दारात येते. गर्भपात झाला तरी दोन बाया येऊन बसतात. पण न रुजलेल्या गर्भाच्या दु:खाला सुतकही नाही आणि सांत्वनही नाही. ती स्त्री दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसते, पुरुष बांधावर जातो, आणि दोघांपैकी कोणी रडलेच तर ते न्हाणीघरात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे दर सहांपैकी एकाला, आयुष्यात केव्हा तरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. श्रीमंत देश आणि गरीब देश यांत या प्रमाणाचा फारसा फरक नाही. बारा महिने वा अधिक काळ नियमित संबंध असूनही गर्भ न राहणे, अशी त्याची वैद्यकीय व्याख्या आहे. तो देवाचा कोप नव्हे, पूर्वजन्मीचे पाप नव्हे, आणि एकट्या स्त्रीचा दोष तर मुळीच नव्हे. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणासोबत आढळते. तरीही तपासणीला आधी कोण जाते? वीर्याची तपासणी ही सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित. पण ती मागे राहते, आणि स्त्रीची दुर्बिणीची शस्त्रक्रिया मात्र आधी होऊन जाते. पुरुषाला भय असते ते 'नामर्द' या एका शब्दाचे. शुक्रजंतूंची संख्या आणि पुरुषत्व यांचा परस्परांशी संबंध नाही, हे शाळेत शिकवले जात नाही आणि चावडीवर बोलले जात नाही. त्यामुळे दोष स्वत:कडे आहे हे कळलेले कित्येक पुरुष गप्प राहतात आणि बायकोला 'वांझ' हा शब्द झेलू देतात. या मौनाला कोणत्या संस्काराचे नाव द्यायचे?

येथे परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी कालिदासाचे 'रघुवंश' पुन्हा उघडावे. रघुकुलाची ती कथा अपत्यहीन दांपत्यापासूनच सुरू होते. राजा दिलीपाने राणी सुदक्षिणेला दोष देऊन अंत:पुरात डांबले नाही. राज्याचा भार मंत्र्यांवर सोपवून तो तिच्यासह एकाच रथातून वसिष्ठांच्या आश्रमात गेला आणि आपले दु:ख त्याने मोकळेपणे गुरूंपुढे मांडले. वसिष्ठांनी ते ऐकून घेतले, कारण शोधले, आणि ते कारण कोणाकडे निघाले? राजाकडे. स्वर्गातून परतताना वाटेतील कामधेनूला वंदन करण्यास दिलीप चुकला होता, ही कवीने सांगितलेली चूक राणीची नव्हती. पुढचे व्रत मात्र दोघांनी मिळून केले. राजा नंदिनी धेनूमागे रानात जाई, राणी सकाळी तिला निरोप देई आणि सायंकाळी सामोरी येई. पुरुषाने दोष स्वीकारणे, दोघांनी सोबत जाणे, घराबाहेरच्या जाणत्याला विश्वासात घेणे, या तिन्ही गोष्टी कालिदासाने दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवल्या. राजाला जे लज्जास्पद वाटले नाही, ते आज पदवीधर नोकरदाराला लज्जास्पद वाटते.

आयुर्वेदाचेही तसेच. सुश्रुताने गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज असे चार घटक सांगितले. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पीक न आले तर तो एकट्या जमिनीला शिव्या देत नाही, बियाणेही तपासतो. स्वत:च्या घरात मात्र तो हा विवेक विसरतो.

असे काही बोलले की सुशिक्षित वर्तुळातून एक ठरावीक आक्षेप येतो. समुपदेशन वगैरे पाश्चात्त्यांची थेरे आहेत; तिकडे कुटुंबे मोडली म्हणून पैसे देऊन ऐकणारा माणूस ठेवावा लागतो; इथे आई आहे, आजी आहे, आत्या आहे, मग परक्याची गरज काय? वरकरणी हा आक्षेप स्वाभिमानाचा वाटतो. परंतु तो खरा ठरण्यासाठी एक अट आहे. ती आई, आजी, आत्या खरोखर ऐकून घेत असली पाहिजे. प्रत्यक्षात काय घडते? सुनेने तोंड उघडताच उपवास सुचवले जातात, कोण्या बाबाचा पत्ता दिला जातो, शेजारणीच्या जावेला अमुक काढ्याने गुण आल्याची कथा सांगितली जाते. ऐकणे सोडून बाकी सर्व होते. शिवाय काही गोष्टी अशा असतात की त्या प्रेमळातल्या प्रेमळ सासूलाही सांगता येत नाहीत. वेळापत्रकानुसार ठरलेल्या संबंधांनी नवरा-बायकोतला ओलावा कसा आटतो, परस्परांकडे पाहण्याचीही कशी धास्ती वाटू लागते, हे सांगण्यासाठी तटस्थ, प्रशिक्षित आणि गुपित राखणारी व्यक्तीच लागते. दिलीपालाही आपले मन घरात नव्हे, आश्रमात मोकळे करावे लागले होते. डोळ्याला चष्मा लागला म्हणून कोणी कुटुंबव्यवस्था बुडाली असे म्हणत नाही. मनाला आधार लागला तर तेवढे का म्हणावे?

दुसऱ्या टोकाला एक मंडळी अशीही आहेत, ज्यांना या साऱ्यात कुटुंब हेच मूळ दुखणे दिसते. त्यांच्या मते अपत्याची ओढ ही केवळ समाजाने लादलेली सक्ती. त्यांनी एकदा प्रजनन केंद्राच्या बाकावर बसलेल्या स्त्रीशेजारी तासभर बसून पाहावे. तिला घर नको आहे असे नाही. घर तिच्या बाजूला यावे, एवढेच तिला हवे आहे.

सर्वांत क्रूर सल्ला मात्र प्रेमाच्या आवाजात दिला जातो. 'तू फार ताण घेतेस ना, म्हणून राहत नाही. मन शांत ठेव, आपोआप होईल.' २०११ साली ब्रिटनमधील संशोधक जॅकी बोइव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. उपचारापूर्वीचा मानसिक ताण आणि त्या फेरीचे यशापयश यांत त्यांना संबंध आढळला नाही. म्हणजे जिचा प्रयत्न फसला तिला 'तुझ्याच काळजीने तुझे मूल गेले' असे सुचवणे हे निर्दय तर आहेच, शिवाय असत्यही आहे. चरकसंहितेत गर्भधारणेला मनाची प्रसन्नता उपकारक मानली आहे, असे कोणी यावर म्हणेल. मानली आहे खरी. पण ती प्रसन्नता राखण्याचे ओझे दु:खी स्त्रीवरच टाकावे, असा त्याचा अर्थ कोणी काढला? घरात प्रसन्नता असणे हे घरातल्या सर्वांचे काम. ती हसली पाहिजे अशी अपेक्षा करण्याआधी तिला रडवणारे प्रश्न तरी बंद करावेत. मानसिक आधार द्यायचा तो मूल हमखास व्हावे म्हणून नव्हे. दोन माणसे दु:खात आहेत, एवढे कारण त्यासाठी पुरेसे आहे.

भारतात या उपचाराचा आरंभच समाजाच्या संशयाखाली झाला. ३ ऑक्टोबर १९७८ या दिवशी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून 'दुर्गा' जन्मली. इंग्लंडमध्ये जगातील पहिली परीक्षानळी-बालिका लुईझ ब्राऊन जन्मून तेव्हा जेमतेम ७० दिवस झाले होते. पश्चिम बंगालमधील तत्कालीन डाव्या आघाडीच्या शासनाने नेमलेल्या समितीने डॉक्टरांचा दावा धुडकावला. अवहेलना असह्य होऊन त्यांनी १९ जून १९८१ रोजी जीवन संपवले. दुर्गेच्या घरच्यांनी लोकापवादाच्या भयाने तिची ओळख वर्षानुवर्षे लपवून ठेवली. २००३ साली आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी ती जगासमोर आली. एका वैज्ञानिकाचे मरण आणि एका मुलीचे पंचवीस वर्षांचे अज्ञातपण, ही किंमत 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांनी वसूल केली.

महाराष्ट्राचा अनुभव त्या मानाने उजळ आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा जन्मली. दीर्घकाळ तीच देशातील पहिली परीक्षानळी-बालिका मानली गेली. पुढे मुखोपाध्यायांच्या नोंदी तपासून त्यांचे श्रेय त्यांना जाहीरपणे देण्याचे औदार्य याच आनंद कुमारांनी १९९७ साली दाखवले. स्वत:चे पहिलेपण स्वत:च्या हाताने दुसऱ्याला देणारी अशी माणसे विरळाच. हर्षा स्वत: २०१६ साली आई झाली. या घटनेतील आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. के.ई.एम. हे महापालिकेचे रुग्णालय. म्हणजे महाराष्ट्रात या उपचाराचे पहिले यश सार्वजनिक रुग्णालयात, सामान्यांच्या दारात आले होते. त्यानंतर काय झाले? उपचार खाजगी केंद्रांकडे गेला आणि त्याचा खर्च लाखांच्या भाषेत मोजला जाऊ लागला. आयुष्मान भारत योजनेने वंध्यत्वाशी संबंधित उपचार वगळले आहेत. धानाच्या चुकाऱ्यावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबाने मग काय विकावे? आणि एवढा पैसा ओतून निकाल नकारार्थी आला, तर त्या घरात पैशाचा विषय निघाला की सुनेने कोणत्या तोंडाने उभे राहावे? मनाचे दुखणे आणि कर्जाचे दुखणे येथे वेगळे काढता येत नाही.

कायदा आहे. संसदेने २०२१ साली साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाच्या नियमनाचा अधिनियम संमत केला आणि जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ अशी वयोमर्यादा त्याने घातली. उपचाराचे परिणाम, यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम यांविषयी जोडप्याचे व्यावसायिक समुपदेशन करणे केंद्रांवर बंधनकारक केले. हे स्वागतार्हच आहे. परंतु कायद्याने सांगितलेले समुपदेशन हे मुख्यत: माहितीचे आहे, अश्रूंचे नव्हे. ते उपचाराआधी एकदा होते. निकाल नकारार्थी आल्यावर त्या स्त्रीच्या शेजारी कोण बसणार, याचे उत्तर त्यात शोधूनही सापडत नाही. आणि ज्या केंद्राचे उत्पन्न पुढच्या फेरीवर अवलंबून आहे, त्याच केंद्राच्या पगारावरील समुपदेशकाने 'आता थांबा' असे सांगावे, ही अपेक्षा कितपत वास्तव आहे? गुबगुबीत बाळांच्या छायाचित्रांनी रंगलेले फलक चौकाचौकात लागतात. अपयशी फेऱ्यांचा फलक कोणी लावत नाही. युरोपातील प्रजनन-तज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली आपल्या सदस्यांसाठी मार्गदर्शिका काढली आणि जोडप्याच्या मनाची काळजी घेणे हे केवळ समुपदेशकाचे नव्हे, परिचारिकेपासून डॉक्टरांपर्यंत सर्वांचे नित्यकर्म मानले. ज्या पाश्चात्त्यांना कोरडे म्हणून हिणवले जाते, त्यांनी हे लिहून काढले. वात्सल्याचा वारसा सांगणाऱ्यांनी निदान तेवढे तरी करावे.

गोव्याने एक पाऊल टाकले आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली विनामूल्य आय.व्ही.एफ. उपचारांची सोय सुरू झाली. महाराष्ट्रासारख्या विस्तीर्ण राज्यात ही सोय केवळ महानगरांपुरती राहून चालणार नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली येथील जोडप्यांनी प्रत्येक सुईसाठी नागपूर गाठावे, हा न्याय नव्हे. संपूर्ण केंद्र उभारण्यास वेळ लागेल हे मान्य. पण प्राथमिक तपासण्या आणि एक प्रशिक्षित समुपदेशक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून ठरल्या दिवशी असावा, यासाठी काही मोठी यंत्रे लागत नाहीत. लोकप्रतिनिधींना निवेदने देणाऱ्या कार्यकर्त्यांनी रस्त्याच्या आणि पुलाच्या मागणीसोबत ही मागणीही लिहावी.

तोवर घरांनी काय करावे? दत्तकाचा सल्ला फेकून मोकळे होऊ नये, हे पहिले. दत्तक घेणे हा थोर निर्णय आहे, पण तो त्या दोघांनी, त्यांच्या वेळेला घ्यायचा आहे. फसलेल्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी मामाने सुचवायचा नाही. उपचार थांबवून दोघांनीच सुखाने राहायचे ठरवले, तर तेही तितक्याच आदराने मान्य करावे. दुसरे असे की, डोहाळजेवण, बारसे अशा प्रसंगी निपुत्रिक स्त्रीला ओटी भरण्यापासून दूर ठेवण्याची प्रथा ज्या घरात अजून चालते, त्या घराने मातृशक्तीवर भाषणे ऐकण्याचा अधिकार गमावला आहे. ही प्रथा मोडायला कायदा नको, चळवळ नको. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईने पुढे होऊन त्या सुनेच्या हाती कुंकवाचा करंडा दिला की ती मोडते. घरोघर संपर्काला जाणाऱ्या कार्यकर्त्याने 'मुले किती' हा प्रश्न आपल्या वहीतून कायमचा खोडावा. आणि पुरुषांनी परस्परांशी बोलावे. बायका निदान विहिरीवर, माहेरी काहीतरी बोलतात. पुरुष दहा वर्षांच्या मित्रालाही हे सांगत नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवून, काही न विचारता, 'नागपूरला जायचे असेल तेव्हा सांग, गाडी मी चालवतो' असे म्हणणारा एक मित्र दहा व्याख्यानांहून मोलाचा असतो.

येत्या आषाढात आसगावातील एखाद्या सासऱ्याने शेजाऱ्याला सरळ सांगून पाहावे, की मुलगा-सून उपचारासाठी नागपूरला गेली आहेत, चार दिवस बांधीत माणसे हवीत. शेजारी येतील. चिखलात उतरून एकमेकांची रोवणी उरकून देणे त्यांना काही कोणी नव्याने शिकवायला नको.